सामाईक कॉन्फिगरेशन चले : पीएचपीतील प्रघात आणि मराठी विकिपीडियाची मांडणी – एक चिकित्सा

सारांश

वेब आज्ञावलीत अनेक स्क्रिप्ट फाईलींना लागणारी मूल्ये एका ठिकाणी ठेवून ती सर्व फाईलींना उपलब्ध करून देण्याचा प्रघात सर्वमान्य आहे. प्रस्तुत लेखात या प्रघाताची चिकित्सा पीएचपी या भाषेच्या आणि मराठी विकिपीडियाच्या मांडणीच्या आधारे केली आहे. चलाचे सामाईकीकरण ही केवळ लेखनाची सोय नसून ते मूल्य ठरविण्याच्या अधिकाराची वाटणी आहे, हे लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. मराठी मजकुराच्या संदर्भात अक्षरसंच, नामाचे सामान्यरूप आणि प्रशासकीय नावांतील बदल या तीन बाबतींत हा प्रश्न विशेष तीव्र होतो, हे रत्नागिरी जिल्ह्यातील उदाहरणांवरून दाखविले आहे.

बीजसंज्ञा : कॉन्फिगरेशन, सामाईक चल, पीएचपी, मीडियाविकी, मराठी विकिपीडिया, देवनागरी, नोंद.

१. प्रस्तावना

संकेतस्थळ ही वाचकाच्या दृष्टीने एक वस्तू असली, तरी प्रत्यक्षात ती अनेक स्क्रिप्ट फाईलींची जुळणी असते. एखाद्या महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर प्रवेश, निकाल, ग्रंथालय, सूचना आणि संपर्क या प्रत्येक विभागासाठी स्वतंत्र फाईल असते. या सर्व फाईलींना काही मूल्ये समान लागतात : संस्थेचे नाव, चालू शैक्षणिक वर्ष, माहितीसंचाचा पत्ता व पासवर्ड, वेळेचा पट्टा, अक्षरसंच. ही मूल्ये प्रत्येक फाईलीत स्वतंत्रपणे लिहिली, तर शैक्षणिक वर्ष बदलताना एखादी फाईल हमखास सुटते आणि प्रवेश अर्जावर नवे वर्ष व पावतीवर जुने वर्ष छापले जाते. यावरचा उपाय म्हणून सर्व मूल्ये एकाच फाईलीत ठेवून ती इतर फाईलींत समाविष्ट करण्याची पद्धत रूढ झाली. या मूल्यांना कॉन्फिगरेशन चले म्हटले जाते.

ही पद्धत इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याकडे चिकित्सक दृष्टीने क्वचितच पाहिले जाते. अध्यापनात ती एका ओळीत उरकली जाते : फाईल समाविष्ट करा, चल वापरा. परंतु एखादे मूल्य सामाईक केले म्हणजे ते कोणाचे झाले, ते बदलण्याचा हक्क कोणाला मिळाला आणि बदल झाल्याचे कोणाला कळणार, हे प्रश्न त्या एका ओळीत झाकले जातात. या प्रश्नांचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विषय संगणकशास्त्रातील असला, तरी त्यात भाषा, प्रशासन आणि अभिलेख यांचा संबंध येत असल्याने तो अन्य विद्याशाखांच्या अध्यापकांनाही परका नाही.

२. ‘सामाईक’ म्हणजे काय?

कोकणात ‘सामाईक’ हा शब्द सातबाराच्या उताऱ्यावरून सर्वांच्या परिचयाचा आहे. एका गट क्रमांकावर अनेक खातेदारांची नावे असतात. जमीन सर्वांची असते. पण कोणता भाग कोणाचा हे उताऱ्यावरून कळत नाही. तरीही या व्यवस्थेला दोन बंधने आहेत. एका खातेदाराला सर्वांच्या वतीने परस्पर व्यवहार करता येत नाही आणि हक्कात झालेला प्रत्येक बदल गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंदवावा लागतो.

संगणक आज्ञावलीतील ग्लोबल चल हे याहून अधिक सैल अर्थाने सामाईक असते. ते कोणत्याही फाईलीला वाचता येते, कोणत्याही फाईलीला संपूर्णपणे बदलता येते, आणि बदल कोणी केला याची नोंद आज्ञावली आपणहून ठेवत नाही. १९७३ मध्ये विल्यम वुल्फ आणि मेरी शॉ यांनी ग्लोबल चल अपायकारक असल्याचे प्रतिपादन केले, ते मुख्यतः याच कारणाने. आज्ञावलीचा एखादा भाग वाचताना तो कशावर अवलंबून आहे हे त्या भागातच दिसले पाहिजे. ग्लोबल चलामुळे ते दिसेनासे होते. त्याच्या आदल्याच वर्षी, १९७२ मध्ये, डेव्हिड पारनास यांनी आज्ञावलीची विभागणी कामाच्या क्रमानुसार न करता बदलू शकणाऱ्या निर्णयांनुसार करावी, म्हणजे प्रत्येक विभागाने असा एकेक निर्णय आपल्यापुरता झाकून ठेवावा, हे तत्त्व मांडले होते.

या दोन्ही प्रतिपादनांतून कोणत्याही सामाईक चलाला विचारावयाचे चार प्रश्न निष्पन्न होतात. मूल्य कोठे घोषित झाले आहे? ते कोण वाचते? ते कोण बदलू शकते? आणि बदलाचा फेरफार कोठे नोंदला जातो? पुढील विवेचनात हेच चार निकष वापरले आहेत.

३. फाईल समाविष्ट करण्याचा प्रघात

रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेली पीएचपी ही भाषा वैयक्तिक संकेतपृष्ठांसाठीच्या लहान साधनांतून वाढली. त्यामुळे तिच्यात ‘इन्क्लूड’ आणि ‘रिक्वायर’ या आज्ञांचा अर्थ अत्यंत सरळ आहे : दुसऱ्या फाईलीतील आज्ञा येथे लिहिल्या आहेत असे समजून त्या अमलात आणणे. समाविष्ट फाईलीतील चले त्यामुळे आपोआप उपलब्ध होतात. नवशिक्याला ही गोष्ट फार सोयीची वाटते. अडचण पुढे येते.

पहिली अडचण चलाच्या व्याप्तीची आहे. पीएचपीत फाईलीच्या स्तरावर घोषित केलेले चल फंक्शनच्या आत दिसत नाही. तेथे ‘ग्लोबल’ असे लिहून ते मागून घ्यावे लागते. उलट, कॉन्फिगरेशन फाईलच एखाद्या फंक्शनच्या आत समाविष्ट केली, तर तिच्यातील सर्व चले त्या फंक्शनपुरतीच राहतात व अन्यत्र रिकामी भासतात. म्हणजे फाईल तीच, तिच्यातील ओळी त्याच. पण ती कोठून बोलावली यावर तिचा अर्थ बदलतो. ज्या फाईलीने संपूर्ण संकेतस्थळाला स्थैर्य द्यावयाचे, तिचा स्वतःचा अर्थ मात्र अस्थिर राहतो.

दुसरी अडचण मार्गाची आहे. समाविष्ट फाईलीचा मार्ग सापेक्ष लिहिला, तर मुख्य फोल्डरमधून चालणारी स्क्रिप्ट उपफोल्डरमधून चालत नाही. फाईलीच्या स्वतःच्या स्थानापासून मार्ग मोजणारा स्थिरांक पीएचपी ५.३ मध्ये, म्हणजे २००९ मध्ये, उपलब्ध झाला. तोपर्यंत हेच काम थोड्या लांब वाटेने करावे लागे आणि अनेक जण ते करीतच नसत.

तिसरी अडचण सुरक्षिततेची आहे. पीएचपीच्या आरंभीच्या काळात ‘रजिस्टर ग्लोबल्स’ नावाची सोय होती. वाचकाने पत्त्याच्या ओळीतून किंवा अर्जातून पाठविलेली मूल्ये तिच्यामुळे थेट ग्लोबल चले बनत. एखादे कॉन्फिगरेशन चल स्क्रिप्टने आधी घोषित केले नसेल, तर बाहेरची व्यक्ती ते घोषित करू शके. पीएचपी ४.२ पासून, २००२ मध्ये, ही सोय मूळ स्थितीत बंद ठेवण्यात आली आणि पीएचपी ५.४ मध्ये, २०१२ साली, ती काढून टाकण्यात आली. सामाईक चलाच्या बाबतीत ‘कोण बदलू शकते’ हा प्रश्न न विचारल्याचा परिणाम भाषेच्या रचनेतून निस्तरण्यास दहा वर्षे लागली, असे यावरून म्हणता येईल. याच काळातील दुसरा प्रघात म्हणजे कॉन्फिगरेशन फाईलीला ‘डॉट इंक’ असे शेपूट देणे. सर्व्हरला ते शेपूट पीएचपीचे म्हणून ओळखू येत नसेल, तर पासवर्डसह संपूर्ण फाईल साध्या मजकुराच्या रूपात कोणालाही वाचता येई.

या अडचणींवर निरनिराळे उपाय पुढे आले. चलाऐवजी स्थिरांक वापरल्यास मूल्य एकदा ठरल्यावर बदलता येत नाही. वर्डप्रेसच्या कॉन्फिगरेशन फाईलीत हाच मार्ग आहे. फाईलीने चले मोकळी न सोडता मूल्यांची एक सारणी परत करावी, म्हणजे ती घेणाऱ्याला नाव देऊन घ्यावी लागते, हा दुसरा मार्ग. हेरोकू या कंपनीतील अभियंत्यांनी २०११ च्या सुमारास मांडलेल्या ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर अॅप’ या तत्त्वावलीने कॉन्फिगरेशन आज्ञावलीतून पूर्णपणे काढून सर्व्हरच्या परिवेशात ठेवावे असे सुचविले. तिची कसोटी मार्मिक आहे : आज्ञावली या क्षणी सर्वांसाठी खुली केली, तर एखादे गुपित उघड होईल काय? मात्र ही तत्त्वावली सर्वच मूल्यांना एका मापाने मोजते, असे वाटण्याचा संभव आहे. पासवर्ड हे गुपित आहे. संस्थेचे नाव हे गुपित नाही, उलट ते सर्वांसमोर ठरले पाहिजे. दोहोंना एकाच कपाटात ठेवल्याने गुपित सुरक्षित होते, पण सार्वजनिक निर्णयही दृष्टीआड जातो.

४. देवनागरी आणि विभागलेले मूल्य

मूल्य सामाईक न केल्याची सर्वांत मोठी किंमत मराठी मजकुराला मोजावी लागली आहे. ‘रत्नागिरी’ हा शब्द युनिकोडमध्ये नऊ चिन्हांचा आहे : पाच व्यंजने, एक हलन्त चिन्ह आणि तीन स्वरचिन्हे. यूटीएफ-८ या पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात; म्हणजे हा शब्द २७ बाइटांचा होतो. हे २७ बाइट कोणत्या अक्षरसंचाचे म्हणून वाचावयाचे, हे संकेतपृष्ठाने, स्क्रिप्टने, माहितीसंचाशी होणाऱ्या जोडणीने आणि स्वतः माहितीसंचाने एकमताने ठरविले पाहिजे. मायएसक्यूएल या माहितीसंच-प्रणालीत २०१८ च्या ८.० आवृत्तीपूर्वी मूळ अक्षरसंच पश्चिम युरोपीय लिपीचा होता. ज्या स्क्रिप्टने जोडणीचा अक्षरसंच स्पष्ट सांगितला नाही, तिच्यासाठी तोच लागू होण्याची शक्यता असे.

समजा, प्रवेश अर्जाच्या स्क्रिप्टने अक्षरसंच सांगितला नाही आणि गुणपत्रिकेच्या स्क्रिप्टने सांगितला. पहिल्या स्क्रिप्टने साठविलेले विद्यार्थ्याचे नाव तिच्यातूनच वाचल्यास नीट दिसते, कारण चूक दोन्ही बाजूंना सारखीच झालेली असते. तेच नाव दुसऱ्या स्क्रिप्टमधून वाचल्यास निरर्थक युरोपीय अक्षरांची रांग दिसते. उलट, नीट साठविलेले नाव पहिल्या स्क्रिप्टमधून वाचल्यास प्रश्नचिन्हांची रांग मिळते. इंग्रजी मजकुराच्या बाबतीत हा दोष कधीच दिसत नाही, कारण इंग्रजी मुळाक्षरे दोन्ही अक्षरसंचांत एकाच प्रकारे साठविली जातात. त्यामुळे इंग्रजी उदाहरणांवर तपासलेली आज्ञावली निर्दोष ठरते आणि मराठी नाव भरणाऱ्या पहिल्या विद्यार्थ्यापाशी ती अडते. अक्षरसंच हे मूल्य सामाईक असलेच पाहिजे, त्याला अपवाद असू नये, हे यावरून स्पष्ट होते.

याच्याच जोडीची एक बाब कॉन्फिगरेशन फाईलीच्या स्वतःच्या लेखनाची आहे. संस्थेचे नाव देवनागरीत लिहावयाचे म्हणून फाईल यूटीएफ-८ मध्ये साठविली, तर विंडोजमधील नोटपॅड हा संपादक २०१९ पूर्वी फाईलीच्या आरंभी तीन बाइटांचे एक अदृश्य चिन्ह घालीत असे. पीएचपी ते चिन्ह मजकूर समजून वाचकाकडे आधीच पाठवून देते. मग सत्र सुरू करण्याची आज्ञा अमलात येत नाही आणि शीर्षके आधीच पाठविली गेल्याचा इशारा दिसतो. फाईल सर्व स्क्रिप्टना सामाईक असल्याने दोषही सामाईक होतो. अनेक ठिकाणी यावर उपाय म्हणून कॉन्फिगरेशनमधील मराठी काढून टाकून रोमन लिपीत नाव लिहिण्याचा सोपा मार्ग पत्करला गेला. दोष साधनाचा असताना माघार भाषेने घेतली, एवढाच त्याचा अर्थ.

५. मराठी विकिपीडियाची मांडणी

मराठीत मोठ्या प्रमाणावर आणि सर्वांना पाहता येईल अशा रीतीने सामाईक कॉन्फिगरेशन वापरले जात असल्याचे उत्तम उदाहरण म्हणजे १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया. तो मीडियाविकी या पीएचपीत लिहिलेल्या आज्ञावलीवर चालतो. या आज्ञावलीतील कॉन्फिगरेशन चलांच्या नावांना ‘डब्ल्यूजी’ हा उपसर्ग असतो. तो ‘विकी ग्लोबल’ याचा संक्षेप होय. चल सामाईक आहे हे त्याच्या नावातच जाहीर करण्याची ही पद्धत साधी असली, तरी पहिल्या दोन निकषांचे ते अर्धे उत्तर आहे. वाचणाऱ्याला निदान हे मूल्य बाहेरून आले आहे, एवढे तरी कळते.

मूळ मूल्ये एका फाईलीत व स्थानिक बदल दुसऱ्या फाईलीत, अशी मीडियाविकीची आरंभीची रचना होती. विकिमीडिया प्रतिष्ठान मात्र शेकडो विकी एकाच आज्ञावलीवर चालविते. त्यासाठी प्रत्येक चलाची एक सारणी केलेली असते. तिच्यात प्रथम सर्वांसाठीचे मूल्य, नंतर विकिपीडिया, विकिस्रोत अशा कुलांसाठीचे मूल्य आणि शेवटी विशिष्ट विकीसाठीचे मूल्य दिलेले असते. मराठी विकिपीडियाची कळ ‘एमआरविकी’ ही आहे. जेथे ही कळ आढळते तेथे मराठीचे स्वतःचे मूल्य लागू होते. अन्यत्र कुलाचे किंवा सर्वांचे. ही सारणी सार्वजनिक आहे. पासवर्ड व तत्सम गुपिते मात्र स्वतंत्र, अप्रकाशित फाईलीत आहेत. गुपित आणि सार्वजनिक निर्णय यांची फारकत येथे नीट झालेली दिसते.

बदलाची रीतही उल्लेखनीय आहे. स्थानिक सदस्यांनी चर्चा करून सहमती करावयाची, फॅब्रिकेटर या प्रणालीत मागणी नोंदवावयाची, त्यानुसार तयार झालेला बदल परीक्षणानंतर लागू व्हावयाचा. कोणी, केव्हा, कोणत्या मागणीवरून मूल्य बदलले हे कायम उपलब्ध राहते. सातबाराच्या भाषेत बोलावयाचे, तर येथे फेरफार नोंदवही आहे आणि ती कोणालाही पाहता येते. चौथ्या निकषावर ही मांडणी पूर्णपणे उतरते.

तिसऱ्या निकषावर मात्र ती तितकीशी उतरत नाही. मागणी नोंदविण्याची, बदल लिहिण्याची आणि परीक्षणाची भाषा व्यवहारतः इंग्रजी आहे. मराठीत चर्चा करणाऱ्या सदस्याला आपल्याच प्रकल्पाचे मूल्य बदलण्यासाठी इंग्रजी जाणणाऱ्या मध्यस्थाची गरज भासते. नामविश्वांच्या नावांचा विचार केल्यास या गोष्टीचे महत्त्व लक्षात येते. ‘सदस्य’, ‘चर्चा’, ‘वर्ग’, ‘साचा’, ‘चित्र’, ‘विशेष’ ही नावे मीडियाविकीच्या मराठी भाषाफाईलीत नोंदलेली आहेत आणि ती मराठी विकिपीडियाबरोबरच विक्शनरी, विकिबुक्स व विकिस्रोत यांनाही लागू होतात. त्यातील एक नाव ‘सहाय्य’ असे आहे. शुद्धलेखनाच्या दृष्टीने ‘साहाय्य’ हे रूप अधिक ग्राह्य मानले जाते. परंतु नाव बदलले, तर जुने दुवे तुटू नयेत म्हणून जुन्या रूपाला उपनाव म्हणून जपावे लागते. एका मात्रेचा प्रश्न येथे व्याकरणाचा राहत नाही. तो सामाईक मूल्य बदलण्याचा प्रश्न होतो. सुरुवातीला ज्यांनी मूल्य भरले, त्यांचा निर्णय पुढील सर्वांवर किती काळ बांधून राहतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

सामाईक चल वाक्यात घातले की मराठीपुढे आणखी एक अडचण उभी राहते, ती सामान्यरूपाची. इंग्रजीत नाम जसेच्या तसे वाक्यात बसते. मराठीत विभक्तिप्रत्यय लागण्यापूर्वी नामाचे रूप बदलते. विकीचे नाव चलातून घेऊन त्याला ‘वर’ जोडले, तर ‘विकिपीडियावर’ हे रूप ठीक होते. पण ‘विकिस्रोतावर’ न होता ‘विकिस्रोतवर’ होते. रत्नागिरी जिल्ह्यातील नऊ तालुक्यांची नावे चलात ठेवून त्यांना ‘त’ हा प्रत्यय जोडण्याचा प्रयोग केल्यास रत्नागिरीत आणि दापोलीत ही रूपे साधतात. परंतु चिपळूणचे चिपळुणात, राजापूरचे राजापुरात आणि लांज्याचे लांज्यात ही रूपे यांत्रिकपणे साधत नाहीत. अनेक संकेतस्थळांवर ‘चिपळूण मध्ये’ अशी तुटक रूपे दिसतात, त्यामागे लेखकाचे अज्ञान असतेच असे नाही. कित्येकदा ती सामाईक चलाची खूण असते. मीडियाविकीत फिनिश, रशियन आदी भाषांसाठी नामाचे योग्य रूप देणारी व्याकरणाची सोय आहे. मराठी वाक्याच्या गरजेनुसार मूल्याची दोन रूपे, म्हणजे मूळरूप आणि सामान्यरूप, घोषित करणे हा त्यावरचा साधा उपाय होय. निदान ‘येथे’सारखे शब्द योजून वाक्यरचना बदलता येते.

मीडियाविकीनेही ग्लोबल चलांपासून हळूहळू अंतर घेतले आहे. २०१४ च्या १.२३ या आवृत्तीत कॉन्फिगरेशनसाठी स्वतंत्र वस्तुरूप आले आणि त्याच आवृत्तीत भाषांतरित संदेश पीएचपी फाईलींतून जेसॉन या स्वरूपात गेले. पूर्वी संदेशातील एक अवतरणचिन्ह चुकले तरी आज्ञावलीच मोडू शके. संदेश ही माहिती आहे, आज्ञा नव्हे, हा भेद त्यामुळे रचनेतच मान्य झाला. वर्डप्रेसमध्येही याच वर्षी, ४.० या आवृत्तीपासून, संकेतस्थळाची भाषा कॉन्फिगरेशन फाईलीतील स्थिरांकाऐवजी व्यवस्थापकाच्या पटलावरून निवडता येऊ लागली. संकेतस्थळ मराठीत असावे की नाही हा निर्णय सर्व्हरवरील फाईल उघडू शकणाऱ्याकडून संकेतस्थळ चालविणाऱ्याकडे आला. मूल्य तेच राहिले, अधिकार हलला.

६. चालू मूल्य आणि नोंद

आतापर्यंतचे विवेचन मूल्य सामाईक करण्याच्या बाजूने झुकणारे आहे. परंतु काही मूल्ये सामाईक करणे हीच चूक ठरते. रत्नागिरी जिल्ह्याचा इतिहास त्याचे उदाहरण पुरवितो. १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. कुडाळ, मालवण, सावंतवाडी, वेंगुर्ले, कणकवली, देवगड हा प्रदेश त्यापूर्वी रत्नागिरी जिल्ह्यात होता. कुडाळ येथे १९७५ मध्ये जन्मलेल्या व्यक्तीच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जिल्हा रत्नागिरी असा असल्यास ती चूक नाही. ती त्या वेळची वस्तुस्थिती आहे.

आता अशा दाखल्याची दुसरी प्रत संगणकावरून द्यावयाची आहे, असे समजू. आज्ञावलीत कुडाळचा जिल्हा सामाईक चलातून घेतलेला असेल, तर नव्या प्रतीवर सिंधुदुर्ग छापले जाईल. मूळ दाखला आणि त्याची प्रत यांत तफावत पडेल आणि ती तफावत दूर करण्याची खटपट दाखलाधारकाला करावी लागेल. आज्ञावली लिहिणाऱ्याने मात्र पाठ्यपुस्तकातील नियम तंतोतंत पाळलेला असेल : मूल्य एकाच ठिकाणी लिहावे.

हा प्रश्न एका जिल्ह्यापुरता नाही. बॉम्बे विद्यापीठाचे नाव १९९६ मध्ये मुंबई विद्यापीठ झाले. २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. २०२३ मध्ये औरंगाबाद व उस्मानाबाद या जिल्ह्यांची नावे अनुक्रमे छत्रपती संभाजीनगर व धाराशिव अशी झाली. यापैकी प्रत्येक वेळी दोन वेगळ्या गोष्टी बदलावयाच्या किंवा राखावयाच्या होत्या. आजच्या पत्रव्यवहाराच्या शीर्षकावरील नाव बदलले पाहिजे; जुन्या पदवीवरील किंवा दाखल्यावरील नाव जसेच्या तसे राहिले पाहिजे. पहिले चालू मूल्य आहे, दुसरी नोंद आहे. कॉन्फिगरेशन चलाला वर्तमानकाळ तेवढा कळतो. नोंदीला स्वतःची तारीख असते आणि ती तारीख तिच्यापासून तोडता येत नाही.

यावरून एक नियम मांडता येतो. जे मूल्य बदलल्यावर पूर्वीच्या सर्व पृष्ठांवर बदललेले दिसणे योग्य ठरेल, ते सामाईक चलात ठेवावे. जे मूल्य बदलल्यावरही पूर्वीच्या कागदांवर जुनेच राहणे आवश्यक आहे, ते त्या त्या नोंदीबरोबर माहितीसंचात साठवावे. शैक्षणिक वर्ष हे दोन्ही प्रकारांत मोडते : चालू वर्ष हे कॉन्फिगरेशन, प्रवेशाचे वर्ष ही नोंद. दोहोंसाठी एकच चल वापरणे हा केवळ तांत्रिक दोष नाही. तो अभिलेखाशी केलेला अन्याय आहे.

७. अध्यापनाच्या दृष्टीने

पदवी स्तरावरील माहिती तंत्रज्ञान व संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमांत वेब प्रोग्रॅमिंग शिकविताना पीएचपी व मायएसक्यूएल यांची जोडी दीर्घकाळ वापरात आहे. प्रात्यक्षिकांत माहितीसंचाशी जोडणी करणारी फाईल प्रत्येक विद्यार्थी लिहितो. तिच्यात वापरकर्ता ‘रूट’ आणि पासवर्ड रिकामा असतो, कारण प्रयोगशाळेतील यंत्रावर तेवढे चालते. हीच फाईल पुढे प्रकल्पात, आणि प्रकल्पातून एखाद्या लहान संस्थेच्या प्रत्यक्ष संकेतस्थळावर जाते. लिहिणारा विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडतो. मूल्ये मात्र मागे राहतात आणि ती कोणी, का ठरविली हे सांगणारे कोणी उरत नाही. सामाईक चलाचा खरा वारसदार कोण, हा प्रश्न तेव्हा उभा राहतो.

त्यामुळे या विषयाच्या अध्यापनात वाक्यरचनेइतकेच महत्त्व वर्गीकरणाला मिळणे इष्ट आहे. विद्यार्थ्याने आपल्या प्रकल्पातील प्रत्येक सामाईक मूल्यासमोर ते गुपित आहे, सार्वजनिक निर्णय आहे की नोंद आहे, हे लिहावे. गुपित सार्वजनिक फोल्डरच्या बाहेर आणि आवृत्तिनोंदीच्याही बाहेर असावे. कारण आवृत्तिनोंदीत एकदा गेलेला पासवर्ड नंतर पुसला, तरी जुन्या आवृत्तीत शिल्लक राहतो. सार्वजनिक निर्णय आवृत्तिनोंदीत असावा आणि त्याच्या बदलाचे कारण तेथे लिहिलेले असावे. तपासणीसाठीची माहिती मराठी नावांची असावी, म्हणजे अक्षरसंचाचा दोष परीक्षेपूर्वी उघडकीस येईल. यासाठी नवे साधन किंवा वाढीव निधी लागत नाही. केवळ प्रात्यक्षिकवहीत एक रकाना वाढवावा लागतो.

८. निष्कर्ष

सामाईक कॉन्फिगरेशन चले हा वेब आज्ञावलीचा पाया आहे आणि ती टाळणे शक्य नाही व इष्टही नाही. अक्षरसंचासारखे मूल्य सामाईक नसल्याने मराठी मजकुराची झालेली हानी हे त्याचे प्रमाण आहे. मात्र पीएचपीत दीर्घकाळ रूढ असलेली, फाईल समाविष्ट करून ग्लोबल चले मोकळी सोडण्याची पद्धत चारही निकषांवर अपुरी पडते. मराठी विकिपीडियाची मांडणी मूल्याचे स्थान, मूल्याची वारसापरंपरा आणि फेरफाराची नोंद या बाबतींत अनुकरणीय आहे. बदलाची वाट मराठी सदस्याला त्याच्या भाषेतून खुली नसणे ही तिची मर्यादा आहे.

सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष मूल्य आणि नोंद यांतील भेदाचा आहे. एका ठिकाणी केलेला बदल सर्वत्र दिसावा, हे सामाईक चलाचे सामर्थ्य आहे. ज्या कागदावर एखाद्याचे जन्मस्थान, त्याची पदवी किंवा त्याचे नाव लिहिलेले आहे, तेथे हेच सामर्थ्य घातक ठरते. कोणते मूल्य सर्वांचे करावयाचे आणि कोणते ज्याचे त्याच्याजवळ ठेवावयाचे, हा निर्णय संगणक घेत नाही. तो आज्ञावली लिहिण्यापूर्वी, संबंधित विभागांशी बोलून, माणसांनी घ्यावयाचा असतो.